वीटभट्टीवर वेठबिगारी चालते असं वाटतंय, आपण साध्या माणसाने तपास कसा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ घोडबंदर रोडला राहतात, कामाला रोज भिवंडीकडच्या गोडाउनला जातात, वाटेत वीटभट्ट्या लागतात, तिथे कातकरी कुटुंबं पोराबाळांसकट दिसतात. टपरीवर एक जण त्यांना बोलला की "उचल फिटल्याशिवाय शेठ गावाला सोडत नाही." आता ते विचारतायत की मी वकील नाही, पत्रकार नाही, संघटनेतला नाही, मला यात काही करता येईल का.

करता येईल, आणि त्याला कुणाची परवानगीही लागत नाही. फक्त तपास म्हटलं की डोळ्यांपुढे जे येतं ना, छुपा कॅमेरा, मालकाला जाब विचारणं, फेसबुक लाइव्ह, ते सगळं बाजूला ठेवा. मी ठाणे जिल्ह्यात या कामात बरीच वर्षं आहे आणि सोडवलेली माणसं पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा त्याच भट्टीवर गेलेली पाहिलीत, त्यातल्या बहुतेक ठिकाणी आरडाओरडा भरपूर झाला होता आणि कागद मात्र कच्चा होता. शेवटी प्रांत (उपविभागीय अधिकारी) नाहीतर तहसीलदार एका कागदावर, म्हणजे माणूस वेठबिगारीतून सुटल्याच्या मुक्तीच्या दाखल्यावर, सही करणार असतो, त्या सहीसाठी त्याला काय काय लागतं ते आधी समजून घ्यायचं आणि तिथून उलटं मागे यायचं, माझ्या लेखी तपास म्हणजे एवढंच.

त्याला काय लागतं ते १९७६ च्या वेठबिगार कायद्यात लिहिलंय. लोकांना वाटतं साखळदंड पाहिजे, मारहाण पाहिजे, कुंपण पाहिजे. तसलं काही लागत नाही. माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी उचल, म्हणजे कामाआधी आगाऊ पैसे, घेतलीय (किंवा बापाचं कर्ज आहे, किंवा जातीमुळे परंपरेने चालत आलंय), आणि त्या बदल्यात चारपैकी एक जरी गोष्ट झालीय, तर ती वेठबिगारी. मजुरी नाही किंवा नावापुरती, दुसरीकडे कामाला जायची मोकळीक नाही, हवं तिथे जायची-यायची मोकळीक नाही, आपली मेहनत बाजारभावाने विकायची मोकळीक नाही. ह्या चारातलं एक. आणि मजुरीबद्दल सुप्रीम कोर्टाने १९८२ सालीच, दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सांगून ठेवलंय की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ प्रमाणे सक्तीची मजुरीच आहे. वर कायद्याचं कलम १५ असं आहे की हे वेठबिगारीचं कर्ज आहे असं मजुराने म्हटलं की तसं ते नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. हे कलम पाठ करून ठेवा कारण ऑफिसात पहिला प्रश्न "पुरावा काय?" हाच येतो.

हेही सांगतो की प्रत्येक भट्टी वेठबिगारीची नसते. उचल देणारे, हिशोब दाखवणारे, मधेच कुणाला जायचं असेल तर जाऊ देणारे मालक मी पाहिलेत. काही ठिकाणी भांडण फक्त थकलेल्या मजुरीचं असतं, ते कामगार खात्याचं काम आहे, तिथे वेठबिगारीचा शिक्का मारायला गेलात तर पुढच्या खऱ्या केसला तहसीलदार तुमच्याकडे बघणार पण नाही. म्हणून मनात निकाल लावून जाऊ नका.

आता माणसांशी बोलायचं कसं. भट्टीवर जाऊन बोलू नका. तिथे मजूर आणणारा मुकादम असतो, हिशोब लिहिणारा मुन्शी असतो, आणि तुम्ही गेल्यावर त्या लोकांना रात्री काय ऐकावं लागेल ते तुम्हाला कळणारही नाही. आठवडी बाजार ही बरी जागा, खर्ची (आठवड्याच्या खर्चापुरते हातात दिलेले पैसे) मिळाली की तांदूळ-मिरची-सुकट घ्यायला लोक तिथे येतात. त्याहून बरं म्हणजे त्यांचं मूळ गाव. हे लोक शहापूर, मुरबाड, वाडा, जव्हार, मोखाडा असल्या भागातल्या पाड्यांवरून भाताची कापणी उरकून दिवाळीनंतर उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. पाड्यावर म्हातारी माणसं असतात, कुणाकडून किती उचल घेतली, पावसाळ्यात घरात दाणा नव्हता म्हणून घेतली की लग्नाला घेतली, हे त्यांना नीट माहीत असतं आणि ती घाबरलेली नसतात. शक्य असेल तर अशा वेळी ओळखीची आशाताई किंवा अंगणवाडीताई सोबत असू द्या, शहरातला अनोळखी माणूस वही घेऊन आला की लोक आधी त्याला जंगलखात्याचाच समजतात.

आणि प्रश्न सरळ विचारू नका. "तुमच्यावर जबरदस्ती होते का?" याला उत्तर "नाय, शेठ चांगला हाय" असंच येणार, शंभरातल्या शंभर वेळा. त्याऐवजी रोजचं विचारा. मागच्या वेळी गावाला कधी गेलात? गेल्या वर्षी घरात कुणी वारलं तेव्हा जायला मिळालं का, किती जण गेलात? बाजाराला नवरा-बायको दोघं येता की एकच? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. एका बाईने मला अगदी सहज सांगितलं की मी बाजाराला आले की धनी आणि पोरं भट्टीवर, तो आला की मी आणि पोरं भट्टीवर, दोघं मिळून कधीच नाही. मी विचारलं असं का, तर म्हणाली "रीतच हाय ती." कुलूप नाही, कुंपण नाही, पण कायद्यातली जायची-यायची मोकळीक हिरावलेली आहे हे या एका वाक्यात आलं, आणि तिला जबरदस्ती होते का विचारलं असतं तर हे कधीच बाहेर आलं नसतं. आजारपणाचंही विचारा, दवाखान्याचा खर्च कुणी केला आणि तो कुठे लिहिला. रेशनकार्ड, आधार कुणाकडे आहे तेही विचारा, कारण ते बऱ्याचदा मुकादमाच्या पेटीत असतं.

मग हिशोब, यात सगळ्यात जास्त वेळ घालवा. मालकाकडे वही असते, मजुराकडे काही नसतं, असं आपण धरून चालतो, पण मजुराकडेही असतं. विटा रचून जो भोंगा बांधतात राहायला, त्याच्या आतल्या भिंतीवर कोळशाच्या रेघा मी पाहिल्यात, हजाराला एक रेघ, बाजाराच्या दिवशी आडवी रेघ. शाळेत न गेलेल्या बाईचं ते खातं आहे. त्याचा फोटो काढा आणि तिच्याजवळ बसून गणित मांडा. आकडे उदाहरणाला घेतो, समजा जोडप्याने २०,००० उचल घेतली, दर हजार विटांना ६००, दोघं मिळून आठवड्याला ६,००० विटा पाडतात, म्हणजे ३,६०० झाले, त्यातून खर्ची ५०० हातात मिळते. म्हणजे आठवड्याला ३,१०० रुपये उचलीत वळते व्हायला हवेत, सात आठवड्यांत उचल फिटली आणि वर थोडे पैसे शिल्लक राहिले. दिवाळीनंतर आलेलं माणूस संक्रांतीच्या आसपास मोकळं व्हायला पाहिजे. आणि मे महिन्यात मुन्शी सांगतो अजून १२,००० बाकी आहे, पुढच्या वर्षी यावं लागेल. हे गेले कुठे? पावसाने भिजलेल्या कच्च्या विटा वजा, तुटलेल्या वजा, दवाखाना वजा, मुकादमाचं कमिशन वजा. हा कागद, अगदी शाळेच्या वहीचं एक पान, साक्षीदाराच्या दहा भाषणांपेक्षा वजनदार ठरतो. शिवाय दिवसाचे तास विचारा (पहाटे तीनला उठून चिखल करायचा, हे सगळे सांगतात), दोघांची मिळून मिळकत दोन माणसांत भागा आणि त्या कामाचं सरकारी किमान वेतन बाजूला लिहा. फरक आपोआप दिसतो.

लिहिताना एक शिस्त पाळा. मी पाहिलं, मला सांगितलं, मला वाटतं, या तीन गोष्टी एका वाक्यात मिसळू देऊ नका. "मजुरांना डांबून ठेवलं आहे" असं लिहू नका, "अमुक तारखेला संध्याकाळी सहाला अमुक बाईने सांगितलं की तिच्या दिराला भावाच्या मयतीला जाऊ दिलं नाही" असं लिहा. त्याच रात्री लिहा, दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेल्यात आपलीच भाषा घुसते. माणसाचं निवेदन घ्यायचं असेल तर एकदाच घ्या, त्याच्याच बोलीत, परत वाचून दाखवा, अंगठा आणि दोन साक्षीदार, तारीख, जागा. एकदाच का, तर तीन संस्थांनी तीन निवेदनं घेतली, पोलिसांनी चौथा जबाब घेतला, की कोर्टात मालकाचा वकील फक्त त्यातले फरक वाचत बसतो, उचल १५ की २०, आला सोमवारी की मंगळवारी, आणि केस तिथेच लंगडी होते.

फोटोचं थोडक्यात. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या, व्हॉट्सॲपवरून पाठवली की तारीख-जागेची माहिती गळून जाते. कोर्टात द्यायची वेळ आली तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वीचं ६५-ब, आणि त्यात तो फोन कुणाचा वगैरे लिहावं लागतं, म्हणून ज्याने काढला त्याचा फोन विकू नका. पोरांचे चेहरे काढूच नका. विटा उचलणाऱ्या सात वर्षांच्या मुलीचा फोटो ग्रुपवर फिरवून तुमचं समाधान होईल, तिचं काही भलं होत नाही, उलट बाल न्याय कायद्याखाली तुम्हीच अडचणीत याल. मूल संकटात दिसलं तर १०९८ ला फोन करा.

जरा विषयांतर करतो, पण तुम्ही सोसायटीत राहता म्हणून. हीच पद्धत आपल्या गेटच्या आत पण लागू पडते. मे २०१९ मध्ये ढोकाळीत एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पाच्या टाकीत तीन सफाई कामगार गुदमरून मेले, घोडबंदर रोडच्या लोकांना आठवत असेल. अशा वेळी गुन्हा बऱ्याचदा निष्काळजीपणाचा लागतो, ठेकेदारावर, आणि विषय संपतो. पण २०१३ चा हाताने मैला सफाईविरोधी कायदा सुरक्षेची साधनं आणि खबरदारी न घेता टाकीत माणूस उतरवायला बंदी करतो, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अजामीनपात्र. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. मग बघायचं काय, तर एफआयआरमध्ये त्या कायद्याचं कलम लागलंय का, वर्कऑर्डर कुणी काढली, कमिटीच्या मीटिंगच्या इतिवृत्तात सफाईचा ठराव कसा लिहिलाय, गेटच्या रजिस्टरला कामगारांची आत येण्याची वेळ काय आहे. ते रजिस्टर महिन्याभराने रद्दीत जातं, म्हणून पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवा. भट्टीचा मालक लांबचा असतो हो, त्याच्याबद्दल बोलायला सगळ्यांना आवडतं. सेक्रेटरी काका रोज लिफ्टमध्ये भेटतात, खरी परीक्षा ती.

असो, भट्टीवर येऊ. माहिती गोळा झाली, आता त्या कुटुंबाला विचारा की अर्ज करायचा का. खरंच विचारा. काहींना सीझन संपवून जायचं असतं, काहींचा भाऊ त्याच मालकाच्या दुसऱ्या भट्टीवर असतो आणि त्याचं काय होईल ही भीती असते. नाही म्हणाले तर वही बंद करून ठेवा, पाड्यावर जात राहा. मारहाण, बाईवर अत्याचार किंवा लहान पोराचा जीव असं काही असेल तेव्हा मात्र थांबता येत नाही, पण तेही त्यांना आधी सांगून. आणि एक गोष्ट चुकूनही करू नका, ती म्हणजे स्वतःच्या खिशातून उचल फेडणं. चांगली माणसं हे करतात, १२,००० देतात, कुटुंब सोडवून आणतात, पेढे वाटतात. कायद्याने ते कर्ज मुळात रद्दच आहे, तुम्ही ते फेडून खरं ठरवलंत, मुक्तीचा दाखला मिळाला नाही, म्हणून पुनर्वसनाचा पैसा नाही, आणि पावसाळ्यात घरात पुन्हा दाणा नाही.

अर्ज जिल्हाधिकारी आणि प्रांताच्या नावाने करा, कायद्यात ही जबाबदारी त्यांची आहे. अर्जावर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. प्रत पोलिसांना, आणि इथे ठाण्याची एक गंमत आहे, भिवंडी शहर आणि लगतचा पट्टा ठाणे आयुक्तालयात येतो पण पडघा, गणेशपुरी, भिवंडी तालुका ही पोलीस ठाणी ठाणे ग्रामीण अधीक्षकांकडे आहेत, भट्टी रस्त्याच्या या बाजूला की त्या बाजूला यावरून अर्ज महिनाभर टोलवला जातो. म्हणून गाव आणि गट नंबर लिहा, मॅपचं लोकेशन जोडा. भट्टीचं नाव मात्र अगदी शेवटी, वरच्या अधिकाऱ्यालाच सांगा, खालच्या टेबलावर आधी कळलं तर रात्रीतून टेम्पो लागतो आणि सकाळी पथकाला रिकामे भोंगे दिसतात. मजूर अनुसूचित जमातीचे असतील (कातकरी तर आदिम जमातीत मोडतात) तर ॲट्रॉसिटी कायद्याचं ३(१)(ज) म्हणजे इंग्रजीतलं एच हे कलम अर्जात स्पष्ट लिहा, ते वेठ आणि बंधबिगारीबद्दलच आहे. ते लागलं की तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि फरक पडतो, कारण नुसत्या वेठबिगार कायद्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड दोन हजारांपर्यंत, १९७६ साली ठरलेले दोन हजार, आज तेवढ्यात एक ट्रिप विटा पण येत नाहीत.

तहसीलमध्ये तुम्हाला ऐकायला मिळेल की "हा मजुरीचा वाद आहे, कामगार ऑफिसला जा." शांतपणे हिशोबाचं पान आणि बाजाराला दोघं मिळून येत नाहीत ते निवेदन पुढे करा आणि कलम १५ ची आठवण द्या. तरी हलले नाहीत तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, दहा रुपये फी, त्यामुळे सगळा राग त्यात काढू नका, एवढंच मागा की अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली त्याच्या टिपणीची प्रत आणि उपविभागाच्या दक्षता समितीच्या (वेठबिगारीवर लक्ष ठेवायला याच कायद्यात नेमलेली समिती) गेल्या दोन वर्षांतल्या बैठकांची इतिवृत्तं. दुसऱ्या मागणीने बरंच काही हलतं, कारण बहुतेक वेळा बैठकाच झालेल्या नसतात. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही तक्रार करता येते, वकील लागत नाही, फी नाही, पण घटनेला वर्ष व्हायच्या आत आणि तोच विषय कोर्टात चालू नसेल तेव्हाच. फुकट वकील ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो, आदिवासी, बायका आणि वेठबिगार यांना उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. आणि एकट्याने हे सगळं करू नका, या पट्ट्यात १९८२ पासून काम करणारी श्रमजीवी संघटना आहे, अजूनही लोक आहेत, कुणाला तरी जोडून घ्या.

पथक जाईल त्या दिवशी तुमचं काम दोनच गोष्टींवर लक्ष ठेवायचं. एक म्हणजे मजुरांचे जबाब मालकापासून लांब, वेगळे घेतले जातायत का, कारण शेठ खुर्ची टाकून समोर बसला की सगळेच "आमची काय तक्रार नाय" म्हणतात. दुसरं म्हणजे त्यांचं सामान. हसू नका, पण मी असं कुटुंब पाहिलंय की जे कोंबड्या पकडून झाल्याशिवाय टेम्पोत चढायलाच तयार नव्हतं, साहेब घड्याळ बघत होते, म्हातारी खुराड्यापाशी वाकून बसली होती. त्या पाच कोंबड्या म्हणजे त्यांची सगळी शिल्लक होती. भांडी, कोयता, विळे, कोंबड्या, सगळं टेम्पोत घ्या, नाहीतर कुणीतरी दोन दिवसांनी ते आणायला परत जातो आणि तिथेच अडकतो.

आणि मुक्तीचा दाखला हातात पडेपर्यंत कुणाला गावाला पाठवू नका. "नंतर पोस्टाने पाठवतो" हे ऐकून घेऊ नका. त्या दाखल्यावर तातडीचे ३०,००० पर्यंत मिळतात, केंद्राच्या योजनेत पुढची रक्कम पुरुषाला एक लाख, बाई किंवा मुलाला दोन लाख, फार वाईट प्रकारात तीन लाख, पण ती खटल्याच्या निकालाशी बांधलेली आहे, म्हणजे कागद जितका पक्का तितकी ती जवळ. इथे अजून एक खड्डा आहे, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून भट्टी ठाण्यात आणि मजुराचं गाव जव्हार-मोखाड्यात असं असलं की फाइल दोन कलेक्टर ऑफिसांच्या मधे फिरते. दाखल्याची प्रत दोन्हीकडे तुम्ही स्वतः नेऊन द्या. बँक खातं चालू आहे का ते आधीच बघा, जनधनचं खातं असतं पण केवायसी नसल्याने बंद पडलेलं असतं, आणि मग आलेला पैसा परत जातो.

खटला उभा राहीपर्यंत एकदोन पावसाळे जातात आणि तोवर ते कुटुंब दुसऱ्या पाड्यावर किंवा दुसऱ्या कामावर गेलेलं असतं, समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत येतं, साक्षीदार सापडत नाही म्हणून मालक सुटतो. म्हणून निवेदन घेतानाच मामाचं गाव, सासरचा पाडा, आणि ज्याचा फोन सहसा लागतो अशा एकाचा, दुकानदाराचा किंवा अंगणवाडीताईचा, नंबर त्या कुटुंबाला विचारून वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या. तो वर्षातून दोनदा लावून बघा, एकदा पोळ्याच्या सुमारास उचली वाटल्या जातात तेव्हा, आणि एकदा दिवाळीनंतर.